हीटर फुटला, हात झिणझिणला आणि सकाळी मासे वर आलेत

पत्र असं आहे (थोडं छाटलंय):

"दादा, काल रात्री माशांचा टँक साफ करताना मोठा दगड हातातून सटकला तो थेट हीटरवर. काच तडकली. माझा हात पाण्यातच होता, कोपरापर्यंत झिणझिणलं, ओरडून हात बाहेर काढला आणि बोर्डावरची सगळी बटणं बंद केली, हीटर, कॅनिस्टर (बंद डब्यातला फिल्टर), एअर पंप, लाईट. रात्रभर तसंच ठेवलं. पण मला झिणझिण्या आल्या तेव्हा मासे मस्त फिरत होते, मग करंट होता की भास झाला? एमसीबी पण पडला नाही. आता सकाळी टेट्रा मासे वर येऊन तोंडं उघडमीट करतायत, पाणी २७ वरून २२ वर आलंय. टँक ९० लिटरचा, त्यात ८ टेट्रा, ५ कोरी, २ गोरामी हे मासे आणि दहाबारा श्रिंप (छोट्या कोळंब्या). भाऊ म्हणतोय सगळं पाणी फेक, रेती गरम पाण्याने धू, नव्याने भर. हीटर चिकटवता येईल का? कॅनिस्टर महिनाभर खडखड करतोय, तो पण बदलू का? आणि श्रिंप एकही दिसत नाहीये. ता.क. तळाच्या काचेवर केसासारखी रेघ आहे, आधी होती का आठवत नाही."

अगं, आधी एक सांग, हात ठीक आहे ना? पत्र वाचल्या वाचल्या तुला चार ओळी पाठवल्या होत्या, की हीटरचा प्लग काढ, तोपर्यंत पाण्यात हात नको, मग एअर पंप सुरू कर, भावाला थांबव आणि कॅनिस्टर न उघडता चालू करू नकोस. ते तू केलंस असं कळवलंस, म्हणून आता जरा निवांत आणि सविस्तर लिहितो, कारण असंच कुणाचं ना कुणाचं होत असतं.

पहिलं म्हणजे भास नव्हता, करंटच होता. मासे फिरत होते म्हणून पाण्यात वीज नाही असं धरू नकोस, ही फार लोकांची चूक होते. तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही ना, तसंच आहे हे. मासा अख्खा पाण्यात असतो, त्याचा जमिनीशी काही संबंध नाही, त्यामुळे त्याच्यातून वीज कुठे जाणार? (अगदी तडकलेल्या जागेला चिकटून असेल तर त्यालाही बसू शकतो, ते वेगळं.) तू मात्र फरशीवर उभी, कदाचित अनवाणी, आणि हात पाण्यात, म्हणजे विजेला जमिनीत जायला वाट तूच करून दिलीस. एमसीबी का नाही पडला, तर त्याचं काम वेगळंय. ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झालं की तो पडतो, हातातून जाणारा एवढासा करंट त्याच्या खिजगणतीत नसतो. त्यासाठी वेगळा आरसीसीबी लागतो, ३० मिलीअँपियरचा, जेवढी वीज गेली तेवढी परत आली नाही की तो क्षणात तोडतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून टँकच्या लाईनवर तो बसवून घे, सोबत अर्थिंगही तपासून घे. नवीन हीटर घ्यायच्या आधी हे काम. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं, खटकन पडला पाहिजे.

आणि तू बटणं बंद केलीस ते बरोबरच, पण तेवढ्याने भागत नाही. बोर्डाचं वायरिंग उलटं असलं तर बटण न्यूट्रल तोडतं आणि बटण बंद असूनही फेज हीटरपर्यंत आलेला असतो. म्हणून प्लग उपसून हातात घ्यायचा, कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून. प्लगच ओला असेल तर त्याला हात न लावता मेन बंद करायचा. बोर्ड टँकच्या खाली असेल तर वायर सरळ प्लगमध्ये न नेता खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाला गळून जातं, प्लगमध्ये शिरत नाही. फुकटचा उपाय आहे, पण दहातल्या आठ घरात दिसत नाही.

आता तुझा ता.क., जो खरं तर पत्राच्या पहिल्या ओळीत हवा होता! हीटर काय, दुसरा येईल. तळाची काच तडकलेली असेल तर ९० लिटर म्हणजे ९० किलो पाणी, वर रेती आणि दगड, हे सगळं त्या एका काचेवर बसलंय. बाहेरून जिथून बघता येईल तिथून बॅटरीचा उजेड तिरका टाक. ओरखडा असला तर फक्त वरवरची पांढरट रेघ दिसेल आणि आतून (सगळे प्लग काढल्यावरच) नखाला लागेल. तडा असला तर काचेच्या जाडीत आतपर्यंत गेलेला एक चकाकता पापुद्रा दिसतो, डोकं हलवलं की कधी आरशासारखा चमकतो कधी गायब होतो. खाली टिश्यू पेपर सरकवून तासाभराने ओला होतो का तेही बघ, पण कोरडा राहिला म्हणून निर्धास्त होऊ नकोस, तळाचा तडा आज गळत नाही आणि उद्या दुभंगतो. तडाच असेल तर विचार करत बसायचं नाही, पाणी लगेच अर्ध्याखाली आण, मासे टबात, आणि तो टँक संपला. वरून सिलिकॉन फासून तळाची काच वाचत नाही. सिलिकॉन जोड धरायला असतं, तडा धरायला नाही.

टबाची वेळ आलीच तर टब साबण कधीच न लागलेला हवा, पाणी टँकमधलंच भरायचं, एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडायचा आणि वर जाळी किंवा झाकण. घाबरलेला टेट्रा उडी मारतो आणि आपल्याला सकाळी कपाटामागे सापडतो.

रेघ ओरखड्याचीच आहे असं धरून पुढे जातो.

हीटर चिकटवता येईल का, नाही. सुपरग्लूने नाही, सिलिकॉनने नाही, टेपने तर नाहीच. हे मी हौशी जुगाड्या माणूस सांगतोय बरं का, त्याच सुपरग्लूने मी दगडावर जावा फर्न (पाण्यातलं एक रोप) चिकटवतो आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. पण हीटरची काच तापते, थंड होते, प्रत्येक वेळी किंचित फुगते आणि आकसते, तिथे कुठलाही चिकटवलेला जोड सुटणार आणि सुटेल तेव्हा आत २३० व्होल्ट असणार. प्लगच्या मुळाशी वायर कापून टाक आणि मग कचऱ्यात दे, नाहीतर कुणीतरी "चालतोय की" म्हणून उचलून लावेल.

काचांचे तुकडे काढणं हे खरं किचकट काम आहे, कारण तुझ्याकडे कोरी आहेत. कोरी रेतीत तोंड खुपसून चरतात, त्यांच्या मिशांना एक बारीकसा तुकडा पुरे. प्लग काढलेलाच आहे, खोलीतला लाईट बंद कर आणि बॅटरी टँकच्या तळाशी आडवी धर, रेतीला जवळपास समांतर. रेतीचे दाणे मळकट दिसतील आणि काच टचकन चमकेल. मोठे तुकडे लांब चिमट्याने. बारीकसाठी सायफनची जाड नळी रेतीत बोटभर घालून त्या जागेची रेतीच ओढून घे बादलीत, वाटीभर रेती गेली तरी जाऊ दे. बोटांनी चाचपडू नकोस, पाण्यात काच दिसत नाही आणि कापलेलं कळतही नाही, पाणी लाल झालं की मग कळतं. हीटरच्या आत तार, सिरॅमिक आणि कधीकधी वाळू असते, एका रात्रीत त्याने मासे मरत नाहीत. पण आतली तांब्याची जोडणी दिवसेंदिवस पाण्यात राहिली तर तांबं सुटतं आणि श्रिंपना तांबं अजिबात चालत नाही. त्यामुळे आज ३० टक्के पाणी बदल आणि घरात ॲक्टिव्हेटेड कार्बन असेल तर आठवडाभर फिल्टरमध्ये टाक.

टेट्रा वर का आले? थंडीने नाही. थंड पाण्यात उलट ऑक्सिजन जास्त मावतो, २२ डिग्रीला २७ पेक्षा जास्तच. झालं असं की रात्रभर पाण्याचा पृष्ठभाग हलला नाही, आत रोपं असतील तर अंधारात तीही ऑक्सिजन खातात, आणि एवढे जीव श्वास घेतायत. एअर पंप सुरू केल्यावर तासाभरात उतरले असं तू कळवलंस, म्हणजे तेच होतं. एक लक्षात ठेव, गोरामीकडे बघून अंदाज बांधू नकोस, ती बरी असतानाही वर येऊन हवेचा घोट घेते, तिची घडणच तशी आहे. खबर द्यायला टेट्रा. आणि पुढच्या वेळी (नको यायला, पण) गडबड झाली की सगळं बंद केल्यावर बिघडलेली वस्तू पाण्याबाहेर काढायची आणि एअर पंप पहिला सुरू करायचा, बाकी सगळं नंतर. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व आहे ना बघ. नसेल तर लाईट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून फरशीवर.

२२ डिग्रीचं घाबरू नकोस. रात्रभरात हळूहळू उतरलंय, तुझ्याकडचे मासे दोनचार दिवस सहज काढतील, थोडे सुस्त होतील एवढंच. मारतो तो झटका, म्हणजे घाईघाईत ओतलेलं गरम पाणी. तासाला एक डिग्री, त्याहून वेगाने नाही. नवा हीटर येईपर्यंत बाहेरून तीन बाजूंना थर्माकोल किंवा जाड चादर लाव आणि प्लास्टिकच्या बाटलीत गरम (उकळतं नाही) पाणी भरून बूच घट्ट लावून तरंगत सोड. बाटली सोडायच्या आधी तेवढं पाणी टँकमधून काढ, नाहीतर काठावरून सांडेल, हे मी फरशी पुसता पुसता शिकलोय. बाटली गार झाली की बदल. आणि टँकमध्ये वेगळा थर्मामीटर असू दे, हीटरच्या डायलवर लिहिलेलं असतं त्याच्यावर विसंबू नये.

आता भाऊ. त्याचा हेतू चांगला आहे गं, काहीतरी फुटलं की सगळं धुऊन काढावं असं वाटतंच माणसाला, पण हीटर फुटून जेवढे मासे मेले नसतील तेवढे नंतरच्या धुण्याने मेलेत. मासे जे पाण्यात सोडतात त्याचा अमोनिया होतो, अमोनिया विष आहे, एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच, आणि दुसरे त्याचं नायट्रेट करतात जे बऱ्यापैकी चालतं. हे जीवाणू पाण्यात फारसे नसतात, ते स्पंजला, बायो मीडियाला (जीवाणूंना बसायला फिल्टरमध्ये भरलेल्या खड्यांना), रेतीला चिकटून असतात, तो जो तपकिरी बुळबुळीत थर असतो ना, त्यात. गरम पाण्याने रेती धुतलीस की ते गेले, आणि नव्याने बसायला चार ते सहा आठवडे. तेवढे दिवस मासे कुठे ठेवणार, भावाच्या खोलीत?

आणि म्हणूनच तुझ्या कॅनिस्टरची मला हीटरपेक्षा जास्त काळजी होती. बंद डबा आहे तो. पाणी फिरायचं थांबलं की आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, ते जीवाणू गुदमरायला लागतात आणि सडवणारे दुसरे वाढतात. माझी गोष्ट सांगतो. एकदा रात्री प्लग ढिला होऊन माझा कॅनिस्टर थांबला, सकाळी बघितलं, प्लग दाबला, सुरू झाला, मी खूश. पहिल्या मिनिटात नळीतून चहासारखं काळं पाणी टँकमध्ये, कुजक्या अंड्याचा वास, आणि संध्याकाळपर्यंत चार मासे गेले. डबा उघडायला पाच मिनिटं लागली असती मला. तेव्हा तू असं कर, नळ बंद करून डबा बाथरूममध्ये ने, आतलं सगळं पाणी फेक. टँकमधून काढलेलं पाणी बादलीत घे आणि त्यात स्पंज दोनतीनदा दाबून पिळ, मीडिया नुसता हलवून घे. चकाचक करायचा नाही, मळकाच राहिला पाहिजे. नळाखाली तर अजिबात नाही, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारायलाच असतं, ते आपले कोण आणि परके कोण बघत नाही. वास फार येत असेल तर आणखी एकदोन बादल्या, पण टँकच्याच पाण्याच्या.

मोटर चालत नसेल तर मीडिया वाळू देऊ नकोस. जाळीच्या पिशवीत भर आणि टँकमध्येच एअर स्टोनच्या बरोबर वर टांग, बुडबुडे त्यातून जाऊ देत. कामचलाऊ फिल्टर झाला, आठवडा तरी निघतो.

खडखड महिनाभर होती म्हणतेस तर बहुतेक इंपेलर. प्लग काढून मोटरच्या हेडखालचं छोटं झाकण फिरव, आतून पंखा आणि त्याला जोडलेलं चुंबक असं एक गुळगुळीत लांबट लोळकं बाहेर येईल. त्याला केस, शेवाळाचे धागे, एखादा रेतीचा खडा अडकलेला असतो, जुन्या टूथब्रशने साफ कर, ती भोकाची जागा पण. मधून सिरॅमिकची सळई जाते, पेन्सिलीतल्या शिशासारखी बारीक आणि तेवढीच नाजूक, ती टेबलावर घरंगळून बघ, लंगडत गेली किंवा दोन तुकडे हातात आले तर खडखडीचं कारण सापडलं. नुसता इंपेलरचा सेट बदलून मिळतो, अख्खा कॅनिस्टर कशाला बदलतेस. मात्र वायरचं आवरण कापलं गेलं असेल किंवा नवा आरसीसीबी फक्त कॅनिस्टर लावल्यावरच पडत असेल, तर मोह सोड आणि ते हेड फेकून दे. पाण्यातल्या वायरवर टेप गुंडाळलेली मला बघवत नाही.

पुढचा आठवडा असा काढ. दोन दिवस खाणं बंद, नंतर चिमूटभर. चांगले मासे दोनचार दिवस उपाशी राहिले तरी काही होत नाही, आणि न खाल्लेलं अन्न पाण्यात सडलं की त्याचाच अमोनिया. टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट रोज बघ, दोन्ही शून्य हवेत. काही दिसलं की त्या दिवशी २५-३० टक्के पाणी बदल, क्लोरीन मारायचं औषध टाकूनच आणि तेवढ्याच तापमानाचं. रात्रभर पाणी उघडं ठेवलं की क्लोरीन उडतं असं सगळे सांगतात, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनचाच जास्त टिकणारा प्रकार) असेल तर ते असं उडत नाही, औषध लागतंच. पाणी बदलायच्या आधी नव्या हीटरचा प्लग काढून वीस मिनिटं थांब. तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडली आणि वरून गार पाण्याचा शिंतोडा उडाला की दगडाशिवायच तडकते.

नवा घेताना एक मोठा नको, ५० वॅटचे दोन घे. लिटरला साधारण एक वॅट धरतात, तेव्हा दोघं मिळून तुझ्या टँकला बरोबर पुरतात. हीटरचा थर्मोस्टॅट कधीतरी चालू अवस्थेतच चिकटून बसतो, बंद होतच नाही, आणि मोठा हीटर असा चिकटला तर रात्रीत मासे शिजतात. ५० वॅटचा एकटा फार तर दोनचार डिग्री वर नेईल, तोवर तुला कळेल. एक मेला तर दुसरा धरून ठेवतो. दोन्हीला प्लास्टिकची जाळीदार टोपी असलेले बघ, तळाजवळ आडवे लाव, फिल्टरचा प्रवाह अंगावरून जाईल असे. पाण्यात सोडल्यावर लगेच चालू करू नकोस, पंधरावीस मिनिटं पाण्याच्या तापमानाला येऊ दे. आणि तो मोठा दगड, अगं, तो नुसता रेतीवर ठेवला होतास ना? रेती कोरी उकरतात आणि दगड कलतो. खाली काचेपर्यंत बसव, आणि हीटरच्या बाजूला तर ठेवूच नकोस.

श्रिंप दिसत नाहीत म्हणून रडू नकोस अजून. एवढा गोंधळ झाल्यावर त्या लाकडाखाली, मॉसमध्ये दडी मारून बसतात, दोन दिवस तोंड दाखवत नाहीत. मेलेली श्रिंप शिजवल्यासारखी गुलाबी आणि अपारदर्शक होते, तशी दिसली तर लगेच काढ. पण एखादी काचेसारखी आरपार, पोकळ, मिशांसकट अख्खी पडलेली दिसली तर ती मेलेली नाही, ती कात आहे. पाणी बदललं की बऱ्याचदा टाकतात. ती काढू नकोस, त्या स्वतःच येऊन खातील.